स्टँडबायचा पत्ता

१२ जानेवारी

जावईबापू,

आज सकाळी मी तुमच्या बायकोसाठी खोटं बोलले. ती माझी मुलगी आहे हे मला ठाऊक आहे, पण हे काम तुमच्या बायकोचं. माझ्या मुलीला असलं वळण नव्हतं.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही 'हं' म्हणता, आणि तुमच्या 'हं'पुढे काय बोलायचं हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. पत्राला निदान 'हं' म्हणता येत नाही. घरी न पाठवता दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे, तिच्या हाती पडायला नको. एखादं मांजर शुद्धीवर यायची वाट बघत बसाल तेव्हा वाचा.

झालं ते असं. मी चहा गाळत होते, घरचा फोन वाजला. हल्ली तो वाजला की एक तर चुकीचा नंबर असतो, नाही तर कुणीतरी गेलेलं असतं. पलीकडे एक मधाळ आवाज. "विमान कंपनीच्या ड्युटी ऑफिसातून बोलतेय. मॅडम आज स्टँडबायवर आहेत, त्यांचा मोबाईल लागत नाहीये. घरी आहेत ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अंघोळीला गेलीय. पाच मिनिटांत फोन करायला सांगते."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलणाऱ्या मुलीला नन्स मारत नसत. नुसत्या बघत. या वयात, रिकाम्या स्वयंपाकघरात, गाळणं हातात धरून उभी असताना मला ते बघणं पुन्हा जाणवलं. कारण अंघोळ करायला ती या गावातच नव्हती. ती तुमच्या घरी झोपली होती, इथून विमानानं दोन तासांवर, आणि तिचा मोबाईल मुंगीच्या उशीखाली होता. नात माझी पाच वर्षांची आहे, तिचं मी समजू शकते. तुम्ही दोघं किती वर्षांचे आहात?

स्टँडबाय म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही माहीत नसल्यासारखे वागता, म्हणून सांगते. एखादा वैमानिक आजारी पडला किंवा कुठे अडकला, तर त्याच्या जागी जायला तयार बसलेला माणूस. बोलावणं आलं की दीड तासात विमानतळावर, गणवेशात, झोप झालेली. त्यासाठी बेसवर, म्हणजे कंपनीनं नेमून दिलेल्या गावात, राहावं लागतं, आणि तिचा बेस माझं गाव आहे, तुमचं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये असताना मीही कॉलवर असायचे. तेव्हा क्वार्टर्समध्ये बूट घालून पलंगावर पडून राहायचे. नवऱ्याच्या घरी जाऊन पोरीला गोष्टी सांगत बसायचे नाही.

मग मी तुमच्याकडे फोन लावला. तुम्ही 'हं' म्हणालात, मागे कुत्रं भुंकलं, ती फोनवर आली. तिनं ऑफिसला सांगितलं, 'आत्ताच बाहेर आले.' त्यांना ती दुपारच्या विमानावर हवी होती. तुमच्याकडचं सकाळचं विमान भरलेलं होतं, पण कॅप्टननं तिला कॉकपिटमधल्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसवून आणलं. एका विमानातून उतरली, दुसऱ्यात चढली. कुणाला पत्ता लागला नाही.

जमलं. ते जमलं, याचीच मला भीती वाटते. पुढच्या वेळीही जमेल असं तिला वाटणार.

मी पुन्हा खोटं बोलणार नाही, हे तिला सांगा. मी सांगितलं की ती 'हो गं आई' म्हणते, आणि तिच्या 'हो गं'चा अर्थ मी तिच्या शाळेपासून ओळखून आहे.

तुम्ही नाकारत नाही तोवर,
तुमची सासू


२१ जानेवारी

जावईबापू,

उत्तर मिळालं. दवाखान्याची चिठ्ठी, वर पंजाचं चित्र, खाली दोन ओळी. 'हा आमचा दोघांचा प्रश्न आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.' अक्षर वाचता आलं. डॉक्टर माणसाच्या मानानं कौतुक आहे.

तुमचा दोघांचा प्रश्न माझ्या फोनवर वाजतो, माझ्या वरच्या खोलीत झोपतो आणि माझ्या दोरीवर मोजे वाळत घालतो. तेव्हा तो तिघांचा आहे.

तुम्ही तिला घरी पोचलेली बघता. केस मोकळे, मुंगी कडेवर. मी तिला इकडे येताना बघते, ते तुम्हाला तिनं सांगितलेलं नसणार. ड्युटी संध्याकाळची असली तरी ती तुमच्याकडून सकाळच्या विमानानं निघते, कारण नंतरच्या विमानात जागा असेल याचा भरवसा नसतो. कंपनीच्या माणसांना जागा मिळते ती उरली तर. ती गेटपाशी बाजूला उभी राहून इतरांना आत जाताना बघते. कधी मधली सीट, कधी ती घडीची खुर्ची, कधी काहीच नाही. मग दुसऱ्या कंपनीच्या काउंटरकडे धावाधाव, तिसऱ्याच गावावरून वळसा. कामावर पोचेपर्यंत तिचा एक कामाचा दिवस खर्ची पडलेला असतो, आणि तो कुठे मोजला जात नाही. नंतर ती माझ्या जिन्यावर चाकांची बॅग पायरीपायरीला आपटत वर जाते आणि पडदे ओढून आडवी होते.

परवा उठून खाली आली, तेव्हा मी विचारलं, "किती झोपलीस?"

"पुरेशी."

"हे उत्तर नव्हे."

"आई, मी तुझी पेशंट नाहीये."

"पेशंट खरं बोलतात. निदान भूल देण्याआधी तरी."

हसली. हसली की तिच्या डोळ्यांखाली तुमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांसारख्या वळ्या पडतात.

"एप्रिलमध्ये कॅप्टनचं ट्रेनिंग सुरू होतंय," ती म्हणाली. "तेवढं होऊ दे. डाव्या खुर्चीत बसले की ड्युटीचं रोस्टर हातात येईल."

"नक्की?"

"म्हणजे आधी आणखी बिघडेल. नव्या कॅप्टनला उरलेसुरले दिवस मिळतात. मग येईल हातात."

"आणि एप्रिलच्या आधी स्टँडबायच्या भानगडीत पकडली गेलीस तर?"

"नाही पकडत गं. बरेच जण करतात."

हे वाक्य मी वॉर्डात पुष्कळ ऐकलं आहे. बहुतेकदा चौकशीच्या आदल्या आठवड्यात.

आता मुद्द्याचं. तुमच्या गावचा बेस कंपनीनं बंद केला आणि ती इथे आली, तेव्हा मी वरची खोली रंगवून घेतली. मुंगीसाठी लहान खाट आणली, कोपऱ्यावरच्या शाळेत चौकशी केली आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "आमचं घर इथे आहे, मेट्रन." आई नाही, सासूबाई नाही, मेट्रन. नोकरीत असताना मला त्या नावानं हाक मारणारे आधी उठून उभे राहत. त्यानंतर आपण धड बोललो नाही, आणि माझं काही अडलंही नाही. पण जनावरं इथेही आजारी पडतात. लहान खाट अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आहे. तुम्ही एक दवाखाना हलवला असतात, तर तिला आज दोन घरं सांभाळावी लागली नसती आणि मला अंघोळ.

मेट्रन


६ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. या वेळी चांगली पानंच्या पानं, प्रत्येकावर पंजा. लगेच उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं ते फाडावं लागलं.

तुम्ही लिहिता, बेस बंद झाला तेव्हा कंपनीनं तिच्यापुढे दोन गावं ठेवली होती. एक हे. दुसरं तुमच्या घरापासून मोटारीनं तासाभरावर, म्हणजे आदल्या संध्याकाळी निघण्याची गरज नाही, गेटपाशी ताटकळणं नाही. तिनं हे घेतलं. त्याच हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती तुम्हाला म्हणाली, 'आईला आता एकटं ठेवता येणार नाही.' तुम्हाला वाटलं, हे मी तिच्या कानात घातलं. म्हणून ते 'मेट्रन'.

आता मला ती काय म्हणाली ते ऐका. "आई, कंपनीनं तुझ्याकडे धाडलंय. आता सोस मला." हसत हसत. मला वाटलं, बदली झाली, नोकरीत सगळ्यांची होते. मी तिला बोलावलं नाही. बोलावायचं असतं तर स्पष्ट सांगितलं असतं, आडून काही मागायची माझी रीत नाही, हे तुम्हीसुद्धा मान्य कराल.

म्हणजे इतके दिवस मी तुम्हाला हट्टी म्हणत होते, तुम्ही मला कावेबाज, आणि ती आपल्या दोघांना तसंच ठेवून वरून विमानानं ये-जा करत होती. मुलगी माझीच आहे.

माझ्या खुब्यात बसवलेली वस्तू मूळच्या हाडापेक्षा भक्कम आहे. ती बसवणाऱ्या सर्जनला हात कसे धुवायचे हे मी शिकवलं होतं. मी बाजारहाट करते, जिना चढते, काठी छत्रीच्या स्टँडमध्ये ठेवली आहे. तुमचं पत्र आल्यावर ती आली, तेव्हा मी तिच्यादेखत भरलेली बादली उचलून वरच्या मजल्यावर निघाले. ती जिन्याखाली दोन्ही हात पसरून उभी.

"आई, ठेव ती खाली. काय चाललंय?"

"झाडांना पाणी."

"वर कुठायत झाडं?"

बादली तिनंच खाली आणली. माझं म्हणणं काही सिद्ध झालं नाही.

तुमच्या पत्राबद्दल तिला बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. आणि एक गोष्ट लिहिते, ती वाचा आणि सोडून द्या. जिन्यावर तिची बॅग आपटायला लागली की मी चहाचं आधण ठेवते, आणि त्या दिवशी मला रेडिओ लावावा लागत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला दिसलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही म्हणता, बेस बदलून मागण्याची मुदत मार्चअखेरपर्यंत आहे, पण ती मागणार नाही. तिथे गेली तर ज्येष्ठतेच्या यादीत तळाला जाईल, डावी खुर्ची आणखी लांबेल. ते खरं. त्या खुर्चीसाठी तिनं जे केलं ते मी पाहिलं आहे, 'सोड' असं तिला सांगणारी मी कोण? मग निदान स्टँडबायच्या आदल्या दिवशी तरी तिला घराबाहेर काढा. येऊ न बघणारी कुत्री तुम्ही गाडीत बसवता, बायकोला बसवा. त्या मधाळ बाईचा फोन पुन्हा आला, तर मी काय बोलेन याची हमी देत नाही.

मेट्रन


१९ फेब्रुवारी

जावईबापू,

तिच्याकडून ऐकलंच असेल. आता माझ्याकडून ऐका.

सकाळी मोबाईलवर तिचा निरोप पाहिला. 'मुंगीचा कान फुटलाय, रात्रभर रडत होती. हा घरी नव्हता, पहाटे आला. पहिल्या विमानानं निघालेय. ऑफिसचा फोन आला तर सांभाळ.' तुम्ही कुणाच्या तरी कुत्रीच्या पोटातून पिल्लं काढत होतात, हे मला नंतर कळलं. त्यात तुमची चूक नाही. पिल्लांना रोस्टर नसतं.

'सांभाळ' वाचलं आणि फोनपाशी जाऊन बसले. तो वाजला.

"मॅडमना नऊच्या विमानावर घ्यायचंय," मधाळ बाई म्हणाली. "को-पायलटच्या पोटात दुखायला लागलंय. मोबाईल बंद येतोय. घरी आहेत ना?"

ती त्या वेळी हवेत होती. विमान वेळेवर असलं, तर सव्वाआठला उतरणार होती. गणवेश अंगावरच. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर, चालतसुद्धा पोचली असती. मी पुन्हा 'अंघोळ' म्हटलं असतं, तर या वेळी मागच्यापेक्षा चांगलं जमलं असतं. कुणाला कळलं नसतं. एप्रिलमध्ये ट्रेनिंग, पुढे डावी खुर्ची, सगळं जागच्या जागी.

फक्त रात्रभर न झोपलेल्या बाईच्या हाती विमान गेलं असतं. आमच्या थिएटरमध्ये एकदा एक सर्जन सलग दोन रात्री काढून टेबलापाशी उभा राहिला. हात स्थिर, बोलणं नीट. मग त्यानं माझ्याकडे चिमटा मागितला. चिमटा त्याच्या हातात होता. मी त्याला बाहेर पाठवलं, तो माझ्याशी सहा महिने बोलला नाही. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे कळत नाही. ते बाजूच्यानं सांगायचं असतं, आणि त्याबद्दल शिव्या खायच्या असतात.

"हॅलो? आहेत ना घरी?"

मी म्हटलं, "नाही."

"बाहेर गेल्यात का? किती वेळात..."

"ती या गावात नाही. तुमच्याच कुठल्यातरी विमानात बसून येतेय. आजारी मुलीपाशी रात्रभर जागी आहे. उतरल्यावर तिला फोन कराल तर ती हो म्हणेल. तिला आज पाठवू नका."

आवाजातला मध गेला. "मॅडम, हे मला नोंदवून घ्यावं लागेल."

"घ्या. सावकाश सांगू का?"

फोन ठेवला तेव्हा माझा हात स्थिर होता. बाकीची मी नव्हते.

ती दहाच्या सुमारास आली. बॅग आपटली नाही, उचलून आणली होती. दारातच उभी राहिली.

"का?" ती म्हणाली.

"बस आधी."

"आई, का? तू फोन उचलायचा नाहीस. एवढंच करायचं होतंस. वाजू द्यायचा."

"तुझा मोबाईल उतरल्यावर लागला असता. तू काय म्हणाली असतीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलली नाही, तेवढं वळण शिल्लक आहे. "हो म्हणाले असते."

"म्हणून उचलला."

"मी उडवलं असतं नीट. तुला काय माहीत? तू कधी बसलीस तिथे?"

"नाही. पण तुझं जाकीट बघ."

जाकिटाची बटणं एक सोडून एक लावलेली होती. तिनं खाली पाहिलं, आणि मला वाटलं ती रडेल. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती जाकीट काढून खुर्चीवर टाकून वर गेली, कपाटातून कपडे बॅगेत भरले आणि तशीच निघाली.

"चहा तरी..." मी म्हटलं.

"तुझ्या घरचं आता काही नको," ती म्हणाली.

विमानतळामागे वैमानिकांनी मिळून घेतलेली एक जागा आहे, खाटा टाकलेली, तिथे गेली असं कळतं. मुंगीचा कान कसा आहे ते कळवा. कापूस आत खोलवर घालू नका, तुम्ही माणसांचे डॉक्टर नाही.

मेट्रन


५ मार्च

जावईबापू,

फोन केलात आणि पूर्ण वाक्यं बोललात, आभार. तुमचा आवाज चांगला आहे. पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा ट्रेनिंग पुढच्या वर्षावर गेलं. लेखी ताकीद मिळाली. आणि स्टँडबायला ती बेसवर कुठे राहते, तो पत्ता नव्याने द्यायला सांगितलं आहे. नोकरी राहिली. शिक्षा मला वाटली होती त्यापेक्षा कमी, आणि तिला रास्त वाटते त्यापेक्षा थोडी जास्त.

पण तुम्ही शेवटी जे सांगितलंत त्यानं माझी झोप उडाली. ती म्हणते, पत्ता आईचाच देणार. बोलणार नाही, जेवणार नाही, पण वरच्या खोलीत राहणार. तुम्ही 'का' म्हणून विचारलंत, तर म्हणाली, 'जिन्यावरून पडली तर आहे कोण तिला?' म्हणजे माझ्यावर इतकी चिडून, माझ्यामुळे खुर्ची घालवून, ती मुंगीला तिथे ठेवणार आणि इथे येऊन माझ्या जिन्यावर पहारा देणार. स्वतःवर पहारा बसवायला मी जन्मठेपेची कैदी नाही.

काल तिचं जाकीट घेऊन त्या जागेवर गेले. मालगोदामांच्या मागे एका इमारतीत दोन खोल्या, भिंतीला लावलेल्या खाटा. खिडक्यांना काळं कापड चिमट्यांनी लावलेलं. कुणाची खाट ठरलेली नाही, जी रिकामी असेल तीवर आपली चादर पसरायची, जाताना गुंडाळून न्यायची. दिवसभरात कधीही कुणीतरी झोपलेलं, म्हणून सगळे कुजबुजतात. मी वॉर्डात शिरल्यासारखी शिरले. जमीन स्वच्छ होती. फ्रिजबद्दल बोलत नाही.

एक ताडमाड उंच मुलगा अंडं तळत होता. को-पायलट आहे, सगळे त्याला लंबू म्हणतात.

"कोण हवंय?" तो कुजबुजला.

मी तिचं जाकीट दाखवलं.

"ती ड्युटीवर आहे. तुम्ही मेट्रन का?"

"काय सांगते ती माझ्याबद्दल?"

त्यानं अंड्याकडे बघितलं. "की तुम्हाला एकटं राहता येत नाही."

"आणखी?"

"आणि तुमच्या हातात फोन देऊ नये."

मला तो आवडला. त्याची खाट बघितली. आदल्या दिवशी तो तीवर झोपला होता, पाय वीतभर बाहेर. त्याचं घर तीन विमानं बदलावी लागतील इतकं लांब आहे, बायकोच्या नोकरीमुळे हलवता येत नाही. दुसऱ्या खाटेवर एक दाढीवाला होता, तोही तसाच. मी तिथेच दोघांना वरची खोली देऊ केली. मोठा पलंग आहे, लहान खाट काढून आणखी एक बसते, खिडक्यांना खरे पडदे आहेत. अट एकच, स्टँडबायला असाल तर घरात असायचं. मी कुणाची अंघोळ लांबवणार नाही.

दाढीवाला म्हणाला, "पण ती?"

"ती माझी मुलगी आहे. तुमची मालकीण मी आहे."

दोघं रविवारी राहायला येत आहेत. आज मी कंपनीला कळवलं की माझा पत्ता आणि माझा फोन तिच्या नावापुढून काढून टाकावा, खोली दुसऱ्यांना दिलेली आहे. तिला अजून माहीत नाही.

आता तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. त्या खाटांच्या जागेत राहून असंच मरमर मरायचं, किंवा मार्च संपायच्या आत तुमच्याजवळचा बेस मागायचा. यादीत तळाला जाईल. डावी खुर्ची लांबेल, हे मी विसरलेले नाही, आणि ती मला विसरू देणार नाही. मी काही समजावत बसणार नाही, कारण मी समजावलं की ती थांबेल. तुमचं काम एवढंच, ती तुमच्यापाशी येऊन बोलायला लागली की 'हं' म्हणू नका. वाक्य बोला. 'ये' हेसुद्धा वाक्य आहे.

मेट्रन


२७ मार्च

जावईबापू,

बेस मिळाल्याचं तुमच्याकडून कळलं. मला तिनं कळवलेलं नाही, ते ठीक आहे.

ती काल आली होती. पत्ता काढल्याचं कंपनीकडून तिला आधीच कळलं होतं, आता खोली डोळ्यांनी बघायची असावी. तुम्हाला सांगून आली की नाही, माहीत नाही. स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं, सरळ वर गेली. वर लंबू खिडकीत शर्ट वाळत घालत होता. तो घाबरून खाली पळाला आणि स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभा राहिला. मला वाटतं विमानात तो धीट असावा.

ती खाली आली. "माझ्या खोलीत कोण आहेत?"

"भाडेकरू."

"मला विचारलं नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस? इथे येताना."

 त्या दोन गावांचं मला कळलं आणि कुणाकडून कळलं, ते तिला तेवढ्यात समजलं असावं. चलाख आहे. तिनं खुर्ची ओढली पण बसली नाही, पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"पडलीस तर?"

"घरात दोन वैमानिक आहेत उचलायला. एक बघ, केवढा आहे."

लंबूनं मान खाली घातली.

"आणि दोघं एकदम ड्युटीवर असले तर?"

"तर मी आपण होऊन उठेन. तू आपण होऊन उठायला शिकलीस तेव्हा मी बघितलं आहे, फार अवघड दिसलं नाही."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. म्हणाली, "आई, तुला मी नको होते का इथे?"

याचं उत्तर तिला देण्यासारखं नव्हतं. खरं दिलं असतं तर ती मिळालेला बेस सोडून वर बॅग घेऊन गेली असती, आणि खोटं मी त्या बाईपाशी बोलून बसले होते, पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून मी म्हटलं, "मुंगीला सातला उठवावं लागतं. तुझा नवरा ते नीट करत नाही." तेवढं खरं आहे, रागावू नका.

 तिनं किल्ली टेबलावर ठेवली, लंबूला म्हणाली, "तिला बादल्या उचलू देऊ नकोस," आणि गेली. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी खिडकीत होते.

ती आता कधी बोलेल, हे तुम्ही मला सांगू नका आणि तिला विचारू नका. वर्ष दोन वर्षं खुर्चीच्या नावानं ती मला बोलणार, बोलू द्या. नव्या रस्त्यावर पहिले काही दिवस तुम्ही तिच्याबरोबर जा, घाट असेल तर टायर बघून घ्या. आणि स्टँडबाय असेल त्या दिवशी मोबाईल मुंगीच्या उशीखाली ठेवायचा नाही, एवढं मात्र बजावा.

ती गेल्यावर वर गेले. तिच्या चादरी लंबूनं काढून खुर्चीवर ठेवल्या होत्या. गुणी मुलगा आहे, पण त्याला घडी येत नाही. मी त्या उलगडल्या, कोपरे जुळवले, पुन्हा घातल्या. तीन चादरी उद्या पार्सलनं पाठवते आहे. चौथी धुवायची आहे. ती कधी वाळेल, ते सांगता येत नाही.

मेट्रन